‘प्ले’ कुठे आहे? स्टीअरिंग-सस्पेन्शनचे झिजलेले भाग कधी बदलायचे हे ठरवताना

गाडीखालून खडखड सुरू झाली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, “चालतंय तोवर चालवा.” दुसरा, “पुढचं सगळं सस्पेन्शन एकदाच करून टाका.” पहिल्यात जिवाशी खेळ होऊ शकतो, दुसऱ्यात पैशांचा चुराडा. आणि सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा गाडीखाली बघितलेलंच नसतं.

दुसऱ्या सल्ल्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढे डावीकडून ‘टक-टक-टक’ यायचं. एका वर्कशॉपमध्ये बॉनेटवर दोनदा दाब देऊन बघितलं आणि दोन्ही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) गेलेत असं सांगितलं. मी बदलून घेतले. परत येताना पहिल्याच खडबडीत पट्ट्यावर तोच आवाज, तसाच्या तसा. दोष निघाला स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे वळणावर गाडीचा झुकाव आवरणाऱ्या दांड्याच्या, लिंक रॉडमध्ये. त्याच्या टोकाचा छोटा बॉल नुसत्या हातानेही लटलटत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. काढलेले स्ट्रट डिकीत पडून होते, ते नंतर पुसून पाहिले तर दोन्ही कोरडे, तेलाचा ओघळ कुठेच नाही.

तेव्हापासून भाग बदलायचा की नाही हे मी दोन प्रश्नांवर ठरवतो. प्ले, म्हणजे झिजेने आलेला ढिलेपणा, नेमका कोणत्या जोडात आहे? आणि तो जोड उद्या पूर्ण सुटला तर चाकाचं काय होईल? आवाज आणि किलोमीटर यांचा उपयोग शोध कुठून सुरू करायचा एवढ्यापुरताच. पुढे जे लिहिलंय ते याच दोन प्रश्नांची उत्तरं स्वतः कशी शोधायची याबद्दल. सुटे भाग तुम्ही स्वतः बदला किंवा मेकॅनिककडून बदलून घ्या, तपासणी मात्र कुणालाही जमेल अशी आहे.

सुटला तर काय होईल?

चाकाचा हब ज्या मजबूत धातूच्या भागावर बसतो त्याला नकल म्हणतात. हा नकल खालून लोअर आर्मच्या (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बॉल जॉइंटने धरलेला असतो, वरून स्ट्रटने किंवा काही गाड्यांत अप्पर आर्मने, आणि बाजूने टाय रॉडने. टाय रॉड चाकाला वळवतो, बाकीचे त्याला जागेवर धरून ठेवतात.

आता एकेक जोड मनातल्या मनात सोडवून बघा. खालचा बॉल जॉइंट सुटला तर नकल खालून मोकळा होतो, चाक तिरकं होऊन आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर रस्त्याला टेकते. टाय रॉड एंड सुटला तर ते एक चाक तुमच्या हातातल्या स्टीअरिंगचं ऐकेनासं होतं आणि त्याला वाटेल त्या दिशेला वळतं. या दोन जोडांना माझ्याकडे सवलत नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्ले सापडला की ते बदलायचे, लांबचा प्रवास त्यानंतर.

लिंक रॉड सुटला तर गाडी वळणावर जास्त झुकेल, आवाज करेल, पण चाक जागेवरच राहील. शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाला तर गाडी लगेच रस्ता सोडणार नाही, मात्र ब्रेक लावताना आणि खडबडीत वळणावर टायरची रस्त्यावरची पकड कमी होते. आर्मचे बुश, म्हणजे आर्म चेसिसला बसतो तिथले रबरी जोड, या दोन गटांच्या मधले. थोडे झिजले तर नुसता त्रास देतात, पूर्ण फाटले तर ब्रेक लावल्यावर चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला खेचली जाते.

टाय रॉडच्या बाबतीत मी एवढा कडक का आहे, त्यासाठी थोडं गणित. नकलचा जो हात टाय रॉड ओढतो तो बऱ्याच गाड्यांत साधारण १३० मिमीच्या आसपास असतो. जोडात १ मिमी प्ले आला की चाकाची दिशा जवळपास ०.४ अंश बदलू शकते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण चाक त्या कोनात राहिलं तर दर किलोमीटरला सुमारे ७ मीटर ते आडवं घासलं जातं. टायरच्या कडा इतक्या लवकर का जातात याचं उत्तर बरेचदा इथेच सापडतं.

पहिला टप्पा: चालवताना काय टिपायचं

मेकॅनिककडे जाऊन “आवाज येतो” एवढंच सांगितलं तर तो अंदाजानेच काम करणार. त्याआधी गाडी एका ओळखीच्या रस्त्यावर चालवा, खिडक्या खाली, गाणी बंद. आवाज कधी येतो ते कागदावर लिहा: वेग किती, वळताना की सरळ जाताना, ब्रेकवर की ॲक्सिलरेटरवर, बारीक खडबडीवर की मोठ्या खड्ड्यात. जमल्यास दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही बाजूला किंवा मागे बसून ऐका. स्टीअरिंग हातात असताना निम्मं लक्ष रस्त्यावरच राहतं.

हळू वेगात बारीक खडबडीवर, विशेषतः एकच चाक वरखाली होताना येणारी टकटक हा लिंक रॉडचा किंवा स्टॅबिलायझर बारच्या बुशचा ठसठशीत नमुना आहे. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ‘खट्ट’ येत असेल तर आर्मच्या बुशकडे आधी बघा. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग तार छेडल्यासारखी ‘टणण्’ वाजत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकत असणार. स्प्रिंग स्ट्रटसोबत मोकळी फिरण्याऐवजी पिळत राहते आणि मग झटक्यात सुटते. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर त्यामागेही हे बेअरिंग असू शकतं, किंवा घट्ट झालेला बॉल जॉइंट. हो, जोड सैल झाला म्हणजेच गेला असं नाही. ग्रीस वाळून गंजलेला, अडकणारा जोडही गेलेलाच असतो.

सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का तेही बघा, आणि ओढत असेल तर सस्पेन्शनवर ठपका ठेवण्याआधी टायरमधली हवा तपासा. हवा बरोबर असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून पाहा, अर्थात टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढ दुसऱ्या बाजूला गेली की दोष टायरचा, हे नक्की.

काही तक्रारींना सस्पेन्शनच्या खात्यात येऊ देऊ नका. ठराविक वेगाला, बहुधा ताशी ८० ते ११० किमीच्या दरम्यान, स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करा. फक्त ब्रेकवर थरथर असेल तर ब्रेक डिस्क बघा. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘कट-कट-कट’ असेल तर तो ॲक्सलचा सीव्ही जॉइंट आहे. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर, जी गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवली की बदलते, ती चाकाच्या बेअरिंगची. झिजलेले जोड ही थरथर वाढवतात हे खरं, पण मूळ तिथे नसतं, आणि नवे जोड घालूनही ती पूर्ण जात नाही.

दुसरा टप्पा: गाडी चाकांवर उभी असताना

सुरुवात टायरपासून करा. तळहात टायरच्या रुंदीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दात्यांसारखं टोचलं तर टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला आहे: एकतर अलाइनमेंट चुकलंय, नाहीतर कुठेतरी प्ले आहे. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बरचा, म्हणजे चाक समोरून पाहता आत-बाहेर कललं असण्याचा, संशय घ्या. ठराविक अंतराने वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक किंवा बॅलन्सिंग. टायर हा गाडीच्या मागच्या काही हजार किलोमीटरचा दप्तरदार आहे, त्याने जे टिपलंय ते आवाजापेक्षा जास्त विश्वासाचं.

मग उंची. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, डावं आणि उजवं. १०–१२ मिमीहून जास्त फरक आला तर कारण शोधायलाच हवं. पुष्कळदा स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला निघतो. तो स्ट्रटच्या थाळीत लपलेला असल्याने वरवर पाहून दिसत नाही, बॅटरी मारून टोक शोधावं लागतं. तुटकं टोक टायरला चिरू शकतं, म्हणून अशी स्प्रिंग ‘नंतर बघू’मध्ये टाकू नये.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. यासाठी गाडी पिटवर किंवा चारही चाकं टेकलेल्या रॅम्पवर असावी आणि एक माणूस मदतीला हवा. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना ओट लावलेले. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, मोकळे कपडे आणि केस पट्ट्यांपासून लांब. आत बसलेल्याने स्टीअरिंग थोडंसं, घड्याळाच्या काट्याने अकरा ते एक एवढंच, भरभर डावी-उजवीकडे हलवत राहायचं. चाक वळवायचं नाही, नुसता ताण द्यायचा-सोडायचा.

तुम्ही खालून अंगठा टाय रॉड एंडवर असा ठेवा की अर्धा अंगठा जोडाच्या डबीवर आणि अर्धा नकलच्या हातावर येईल. दोन्ही भाग एकदम हलले तर जोड ठीक आहे. डबी आधी हलली आणि हात क्षणभर मागे राहून मग ओढला गेला, तर ती फट अंगठ्याच्या कातडीला स्पष्ट कळते. डोळ्यांना न दिसणारा प्ले अंगठ्याला कळतो, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी तीन वेळा हात काढून परत लावला होता. नंतर तसंच रॅकच्या (स्टीअरिंगचं फिरणं टाय रॉडपर्यंत नेणाऱ्या आडव्या दांड्याच्या) रबरी बूटमधून चाचपून आतला जोड बघा, ज्याला मेकॅनिक रॅक एंड म्हणतात. बूट दोन बोटांनी दाबून धरला की आतला बॉल खटकतो का ते कळतं. पुढे रॅक चेसिसला जिथे बोल्टने बसवलाय तिथले बुश. आणि शेवटी स्टीअरिंगच्या दांड्याचा खालचा क्रॉस जॉइंट, कारण पायाजवळ जाणवणारा ‘खट’ पुष्कळदा तिथला असतो आणि त्यापायी उगीच अख्खा रॅक बदलला जातो.

स्टीअरिंगच्या रिमवर मोकळा प्ले किती चालतो? अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकात कमाल ३० मिमी लिहिलेला असतो. चांगल्या रॅक-पिनियनच्या गाडीत तो याहून पुष्कळ कमी असतो. आकड्यापेक्षा बदलाकडे लक्ष द्या. सहा महिन्यांपूर्वी जवळजवळ नव्हता आणि आता दोन बोटं आहे, तर मर्यादेत असला तरी कारण शोधा.

तिसरा टप्पा: चाक उचलून

आधी सुरक्षितता, आणि ही मी कळकळीने सांगतोय: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. जमीन कडक आणि सपाट हवी, मागच्या चाकांना ओट लावलेले हवेत, आणि गाडीचं वजन स्टँडवर हवं. चाक जोरात हलवताना गाडीला धक्के बसतात, जॅक घसरायला तेवढं पुरतं.

एका वेळी एकच पुढचं चाक उचला. दुसरं जमिनीवर राहिलं की ते रॅकला धरून ठेवतं आणि प्ले जास्त स्पष्ट जाणवतो. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून एका हाताने ढकला, दुसऱ्याने ओढा. मग तीन आणि नऊच्या जागी. फक्त तीन-नऊला खटका लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. बारा-सहाला लागला तर बॉल जॉइंट, चाकाचं बेअरिंग किंवा क्वचित स्ट्रटचं वरचं माउंट. बेअरिंग आणि बॉल जॉइंट वेगळे ओळखायची युक्ती सोपी आहे. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एक झाले. प्ले तसाच राहिला तर तो नकलच्या बाहेरच्या जोडात आहे.

इथे एक बारकावा बरेच जण विसरतात, आणि त्यामुळे गेलेला बॉल जॉइंट चांगला म्हणून पास होतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत वजन स्प्रिंगवरून थेट नकलवर येतं, खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही. म्हणून चेसिसखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं तरी तपासता येतो. पण जिथे स्प्रिंग लोअर आर्मवर बसते, जसं डबल विशबोनच्या (वर-खाली दोन आर्म असलेल्या) कित्येक गाड्यांत असतं, तिथे चाक लोंबतं ठेवलं की स्प्रिंग आर्मला खाली ढकलून जोड घट्ट धरून ठेवते आणि प्ले लपतो. अशा वेळी जॅक थेट लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावायचा, म्हणजे जोडावरचा ताण जातो. मग टायरखाली पहार घालून चाक हलकेच उचला आणि जोडाकडे बघा.

काही गाड्यांच्या बॉल जॉइंटला झीज दाखवणारी खूण असते. ग्रीस निपलभोवतीचा छोटा उंचवटा झीज वाढेल तसा आत जातो, आणि पृष्ठभागाशी सपाट झाला की जोड संपला. असा जोड मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच तपासायचा.

किती प्ले चालेल हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही वजन पेलणाऱ्या बॉल जॉइंटना थोडा प्ले मुळातच मान्य असतो, त्यामुळे “हलला म्हणजे गेला” असं सरसकट म्हणता येत नाही. पुस्तक हाताशी नसेल तर वजन न पेलणाऱ्या जोडात आणि टाय रॉडमध्ये जाणवण्याजोगा कुठलाही प्ले मी बाद धरतो.

रबर काय सांगतं

बॉल जॉइंटच्या आतला पॉलिश केलेला गोळा ग्रीसमध्ये बुडालेला असतो, आणि ते ग्रीस आत व धूळ-पाणी बाहेर ठेवायचं काम एका पातळ रबरी टोपीचं. ही टोपी फाटली की जोडाचे दिवस भरत आले समजा, आज प्ले शून्य असला तरी. बारीक वाळू आत गेली की गोळा आणि त्याची वाटी दोन्ही घासत सुटतात. टोपी नुकतीच फाटली असेल, आत ग्रीस स्वच्छ असेल आणि तेवढी टोपी वेगळी मिळत असेल तर बदलून जोड वाचवता येतो. पण ग्रीस तपकिरी, किरकिरीत झालं असेल तर नव्या टोपीवर खर्च करू नका. रॅकच्या बूटचंही तसंच. फाटका बूट स्वस्तात बदलता येतो, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर रॅकच्या दांड्यावर गंज चढतो आणि मग सील फाटून अख्खा रॅक जातो.

आर्मच्या बुशला वरवर बारीक भेगा दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. उष्णतेने आणि वयाने रबराच्या कातडीला त्या पडतातच. बघायचं असतं ते रबर आतल्या किंवा बाहेरच्या धातूच्या नळीपासून सुटलंय का. पहार आर्म आणि चेसिसच्या मध्ये घालून बेताने रेटा द्या. रबर थोडं दबून परत आलं तर बुश काम करतोय. एका बाजूला फट उघडून आतली नळी मोकळी हलताना दिसली तर गेला. काही बुशमध्ये द्रव भरलेला असतो, त्यांच्याखाली काळपट तेलकट ओघळ आला की ते संपले. इथे जोर मात्र बेतानेच लावा. पहारेने कुठलाही चांगला बुश हलवता येतो, आणि उत्साहाच्या भरात चांगल्या आर्मवर फुली मारली जाते.

हे सगळं किलोमीटरवर ठरत नाही. कमी चाललेली, उन्हात उभी राहिलेली जुनी गाडी सगळे बुश कडक होऊन भेगाळलेली असू शकते आणि महामार्गावर भरपूर धावलेली गाडी ठणठणीत असू शकते.

शॉकचा वेगळा हिशेब

शॉक अॅब्सॉर्बर एका दिवसात जात नाही, हळूहळू मंदावतो, आणि आपण त्या डोलण्याला सरावत जातो. कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी फक्त पार मेलेला शॉक पकडते. गाडी दोनपेक्षा जास्त वेळा झुलली तर शॉक गेला हे नक्की, पण एकदाच झुलून थांबली म्हणून तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही. हाताचा दाब मंद असतो, खड्ड्यात शॉकचा दांडा कितीतरी वेगाने हलतो.

म्हणून पुरावे जमवा. दांड्याजवळ धुळकट ओलावा चालतो, दांड्याबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येतोच. अंगावरून ओघळलेलं तेल चालत नाही. टायरवर खळगे, ब्रेकवर नाक खूप खाली जाणं, लाटेसारख्या रस्त्यावर वेगात पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटणं, आडव्या वाऱ्यात सतत स्टीअरिंग सावरावं लागणं. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की बदला. शॉक बनवणाऱ्या कंपन्या साधारण ८०,००० किमीचा टप्पा सांगतात. माझ्या मते त्या टप्प्यावर नीट तपासणी करावी, डोळे मिटून बदलू नये.

आता निकाल

तपासणीनंतर मी वहीत प्रत्येक भागासमोर एकच शब्द लिहितो: थांबा, लवकर, नजर किंवा सोडा.

‘थांबा’ म्हणजे गाडी तिथून फक्त वर्कशॉपपर्यंत जाईल, तीही हळू, किंवा टोचन करून. हाताने खटखटणारा टाय रॉड एंड, मर्यादेबाहेरचा बॉल जॉइंट, तुटलेली स्प्रिंग, स्टीअरिंगच्या दांड्याचा सैल क्रॉस जॉइंट, प्ले आलेलं चाकाचं बेअरिंग. यात भाव करत बसू नये.

‘लवकर’ म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत, आणि तोपर्यंत लांबचा प्रवास व भरलेली गाडी टाळायची. धातूपासून सुटलेला आर्म बुश, तेल ओघळणारा शॉक, अडकणारं स्ट्रट माउंट, फाटलेली टोपी पण प्ले नसलेला जोड.

‘नजर’मध्ये वरवरच्या भेगांचे बुश, ओलसर शॉक, नुकता टकटकू लागलेला लिंक रॉड. यांची तपासणी पुढच्या सर्व्हिसला पुन्हा. लिंक रॉडचा आवाज सहन होत नसेल तर खुशाल बदला, स्वस्त आणि सोपं काम आहे. फक्त आवाज नक्की त्याचाच आहे ना ते आधी बघा. दोन्ही बाजूंचे लिंक तात्पुरते काढून बंद आवारात चालण्याच्या वेगाने गाडी फिरवली आणि आवाज थांबला, तर शंका उरत नाही.

‘सोडा’ हा शब्द लिहायला सगळ्यात जास्त धीर लागतो. समोर उघडी पडलेली गाडी आणि “आता काढलंच आहे तर” म्हणणारा माणूस असेल तर फारच. ज्या भागात प्ले नाही, रबर शाबूत आहे आणि तेल गळत नाही, त्याला हात लावू नका. त्याच्या जागी येणारा स्वस्त बनावटीचा नवा भाग मूळ भागापेक्षा आधी जाणं सहज शक्य आहे.

मग जोडीने काय बदलायचं? शॉक आणि स्प्रिंग एका ॲक्सलवर नेहमी जोडीने, कारण एक बाजू कडक आणि दुसरी मऊ असली तर ब्रेकवर आणि वळणावर गाडी वेगळी वागते. स्ट्रट उघडलाच असेल तर जुनं माउंट आणि त्याचं बेअरिंग परत बसवू नका, तीच मजुरी दुसऱ्यांदा पडेल. टाय रॉड एंड आणि लिंक रॉड एकेकटे बदलले तर हरकत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि बुश दोन्ही झिजले असतील तर अख्खा आर्म घ्या. एकटा बुशच गेला असेल आणि प्रेसवर नीट बसवणारा माणूस असेल तर बुशच बदला.

बदलताना ज्यात घाई होते

हे तुम्ही स्वतः करत नसाल तरी माहीत असू द्या, उभं राहून बघता येतं.

आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लोंबत्या चाकांवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. अशा बुशमध्ये रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं आणि ते पिळूनच काम करतं. लोंबत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली उतरवताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हलके लावायचे, आर्मखाली जॅक देऊन चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं आधी मोजलेलं अंतर आणायचं, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळायचं. “नवीन बुश लगेच गेले” या तक्रारीमागे हे कारण कितीदा असतं हे बघून मला वाईट वाटतं.

खाचांचा नट आणि पिन असेल तर पिनचं भोक जुळत नाही म्हणून नट कधीच सैल करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. नायलॉनच्या कडीचा लॉक नट एकदाच वापरायचा. जोड सोडवताना पुलर (जोड ओढून काढायचं हत्यार) वापरा. दोन पात्यांचा पाचर ठोकला तर रबरी टोपी फाटते, म्हणून तो फक्त फेकून द्यायच्या जोडासाठी. स्ट्रटमधली दाबलेली स्प्रिंग अनुभव आणि चांगला कॉम्प्रेसर नसेल तर अजिबात उघडू नका, ती सुटली तर जीव घेऊ शकते.

टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही बदललं की अलाइनमेंट लागतंच, नुसता लिंक रॉड असेल तर नाही. टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरले ते मोजून नवा तेवढेच फिरवला की अलाइनमेंटच्या जागेपर्यंत गाडी नीट जाते, पण तेवढ्यावर भागवू नका. आणि क्रम उलटा करू नका. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट पाण्यात जातं, कारण मशीनवर दिसलेला आकडा रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात बदलतो. इलेक्ट्रिक स्टीअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत शेवटी स्टीअरिंग अँगल सेन्सरही शून्यावर आणावा लागतो, तो राहिला तर डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

काढलेले जुने भाग मागून घ्या आणि हाताने हलवून बघा. ज्या जोडाला तुम्ही बाद ठरवलं तो खरंच लटलटतो का? हलत नसेल तर निदान चुकलं होतं, आणि मूळ दोष अजून गाडीतच आहे. चाकाचे नट ५० ते १०० किमीनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. त्याच ओळखीच्या रस्त्यावर, त्याच वेगाने, खिडक्या खाली करून एक फेरी मारा. मग वहीत तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, आणि ‘नजर’ लिहिलेल्या भागांचा त्या दिवशीचा प्ले नोंदवून ठेवा.